‘५.१’ असे छापून दोन वाहिन्यांचा स्पीकर संच विकल्याबद्दल तक्रार

विक्रोळी (पूर्व), मुंबई
दिनांक : १४ नोव्हेंबर २०२५

प्रति,
मा. तक्रार निवारण अधिकारी,
ग्राहक सेवा विभाग

विषय : संगणकासाठी घेतलेला ‘५.१ सराउंड’ स्पीकर संच परत घेऊन पूर्ण रक्कम मिळण्याबाबत

महोदय / महोदया,

आपल्या कंपनीच्या संकेतस्थळावरून मी दिनांक ४ ऑक्टोबर २०२५ रोजी ‘५.१ सराउंड साउंड’ या नावाने विक्रीस असलेला स्पीकर संच रु. ६,४९९ भरून मागवला आणि तो मला ८ ऑक्टोबर रोजी घरपोच मिळाला. संच बिघडलेला नाही, हे मी सुरुवातीलाच स्पष्ट करतो, कारण गेल्या महिनाभरात आपल्या कार्यालयाने माझी तक्रार तीन वेळा दुरुस्तीची तक्रार म्हणून नोंदवली आणि तीनही वेळा ‘उपकरण सुस्थितीत’ असा शेरा मारून बंद केली. संच जसा बनवला आहे तसाच चालतो. मात्र त्यात सहा स्पीकर असले तरी सहा वाहिन्या, म्हणजे प्रत्येक स्पीकरसाठीचे सहा वेगवेगळे आवाज, आत घ्यायला वाटच ठेवलेली नाही, आणि तरीही खोक्यावर, जाहिरातीत व बिलावर तो ‘५.१’ म्हणून विकला गेला आहे. तक्रार एवढ्याच गोष्टीची आहे.

माझी मुलगी ध्वनिसंयोजनाच्या अभ्यासक्रमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. पाच दिशांना आवाज कसा वाटायचा याचे प्रात्यक्षिक तिला घरी करावे लागते, कारण महाविद्यालयातला स्टुडिओ आठवड्यातून दोनच तास वाट्याला येतो. मी एका लहान छापखान्यात मुद्रितशोधनाचे काम करतो. दिवाळीच्या बोनसमधून या कामासाठी सात हजार रुपये बाजूला काढता आले, त्याहून एक रुपयाही जास्त शक्य नव्हता. एवढ्या पैशांत सहा खोके घेतले तर प्रत्येकाच्या वाट्याला हजार-अकराशे रुपये येतात आणि तेवढ्यात उत्तम आवाज मिळत नाही, हे मला ठाऊक होते. याच रकमेत दोन स्पीकरची बऱ्यापैकी चांगली जोडी आली असती. तरीही आम्ही ५.१ निवडला, कारण आम्हाला आवाजाच्या गोडीपेक्षा दिशा हवी होती. आमच्या जुन्या संगणकाच्या मदरबोर्डला मागे सहा रंगीत जॅक आहेत, त्यांपैकी हिरव्यातून पुढचे दोन, काळ्यातून मागचे दोन आणि नारिंगीतून मधला व सबवूफर (खर्जाच्या आवाजाचा स्पीकर), असे सहा आवाज त्यातून वेगवेगळे बाहेर पडतात. त्यामुळे महागडा रिसीव्हर किंवा वेगळे साउंड कार्ड घ्यायचे नव्हते. या तीन जॅकमध्ये जाणाऱ्या तीन पिना असलेला साधा संच मिळाला की काम भागणार होते.

त्यासाठी मी आधी एका शनिवारी दादरला गाडी बदलून ग्रँट रोडला उतरलो आणि लॅमिंग्टन रोडवर चार-पाच दुकाने पालथी घातली. तीन पिनांचे संच आता फारसे येत नाहीत, सगळा माल ब्लूटूथचा आहे, असे बहुतेकांनी सांगितले. जो एक संच दिसला तो आमच्या आवाक्याबाहेरचा होता. घरी परतल्यावर आपल्या संकेतस्थळावर हा संच दिसला. त्यात पुढच्या बाजूची सहा छायाचित्रे आहेत आणि मागच्या बाजूचे एकही नाही. म्हणून खरेदीपूर्वी, २ ऑक्टोबर रोजी, मी आपल्या ग्राहक सेवेला ईमेलने एकच प्रश्न विचारला: संगणकाच्या हिरव्या, काळ्या व नारिंगी अशा तीनही जॅकना जोडण्याची सोय या संचात आहे का? दुसऱ्या दिवशी उत्तर आले, ‘होय सर, हा ५.१ संच आहे आणि संगणकाला चालतो.’ दोन्ही ईमेलच्या प्रती सोबत जोडल्या आहेत. विचारलेल्या प्रश्नाचे हे उत्तर नव्हते, हे माझ्या धंद्यातल्या माणसाच्या तेव्हाच लक्षात यायला हवे होते. दुसऱ्याच्या मजकुरातील चुका काढण्यात आयुष्य गेले आणि स्वतःच्या खरेदीत ‘होय’ या शब्दावर विसंबून राहिलो, एवढी चूक माझी मी मान्य करतो.

८ तारखेला रात्री खोके उघडले. सबवूफरच्या पाठीमागे स्पीकरच्या वायरी लावायच्या चिमट्यांखाली आत येणाऱ्या आवाजासाठी फक्त दोन आरसीए खाचा आहेत, एक लाल व एक पांढरी, आणि त्याखाली ‘ऑक्स’ असे लिहिले आहे. सोबत आलेल्या वायरच्या एका टोकाला लाल-पांढऱ्या पिना आणि दुसऱ्या टोकाला एकच लहान पिन आहे, जी संगणकाच्या हिरव्या जॅकमध्ये जाते. काळ्या व नारिंगी जॅकमधून निघणारा आवाज या संचात नेण्यासाठी ना वायर आहे ना खाच. खोक्याच्या दर्शनी भागावर ‘५.१ सराउंड साउंड’ ही अक्षरे माझ्या तळहाताएवढी आहेत. पुस्तिकेच्या सातव्या पानावर, तक्त्याच्या शेवटच्या ओळीत, ज्या आकाराच्या टायपात आम्ही छापखान्यात मुद्रकाचा पत्ता टाकतो त्या टायपात लिहिले आहे: ‘इनपुट : २ चॅनल स्टीरिओ’.

तरीही खात्री करावी म्हणून संगणकाच्या ध्वनी मांडणीत ५.१ निवडून मुलीने एकेका स्पीकरची चाचणी घेतली. या चाचणीत पडद्यावर ज्या स्पीकरच्या चित्रावर टिचकी मारावी, त्याच स्पीकरमधून आवाज आला पाहिजे. ‘पुढचा डावा’ दाबल्यावर पुढच्या डाव्यातून, मागच्या डाव्यातून आणि जरा हलक्या आवाजात मधल्यातूनही, असा तीन ठिकाणांहून एकच टण्कार ऐकू आला. ‘मधला’ दाबल्यावर काहीही आले नाही. ‘मागचा डावा’ आणि ‘मागचा उजवा’ दाबल्यावरही शांतताच होती. पुढच्या दोन वाहिन्यांचा आवाज मागच्या खोक्यांतही वाटला जातो आणि खऱ्या मागच्या वाहिन्या संगणकाच्या जॅकवरच थांबतात, हे त्यावरून उघड आहे. या चाचणीची चित्रफीत मी ९ ऑक्टोबरला पहिल्या तक्रारीसोबत पाठवली होती. ती कोणी उघडून पाहिली असावी असे पुढच्या घटनांवरून वाटत नाही.

याचा परिणाम काय होतो तेही सांगतो. मुलीचा पहिला सराव विक्रोळी स्थानकात ध्वनिमुद्रित केलेल्या लोकलचा होता: गाडी श्रोत्याच्या मागून डाव्या बाजूने येते आणि समोर उजवीकडे निघून जाते. या संचावर गाडी मागून येत असताना ऐकूच येत नाही, आणि पुढच्या वाहिन्यांत शिरताक्षणी चहूबाजूंनी एकदम अंगावर येते. आपल्या जोडणीतच चूक आहे असे समजून तिने दोन संध्याकाळी तीच फाइल पुन्हा पुन्हा तपासली. चित्रपट लावला तर आणखी वेगळा प्रकार होतो. ५.१ ध्वनिपट्टीत संवाद प्रामुख्याने मधल्या वाहिनीत असतात आणि ती वाहिनी येथे पोहोचतच नाही, त्यामुळे पार्श्वसंगीत दणदणीत वाजते आणि पात्रांचे फक्त ओठ हलतात. संगणकाची मांडणी ‘स्टीरिओ’वर आणली की संवाद परत येतात हे खरे, पण तो ५.१ संच दोन वाहिन्यांचा म्हणून वापरणे झाले.

आपले तंत्रज्ञ १६ ऑक्टोबर रोजी आले. तरुण मनुष्य सौजन्याने वागला, त्याच्याबद्दल माझी काहीही तक्रार नाही. त्याने संगणकाकडे न पाहता स्वतःचा मोबाइल ब्लूटूथने जोडला, एक आरती लावली, पाचही खोक्यांना आळीपाळीने कान लावला आणि म्हणाला, ‘काका, सगळ्यातून आवाज येतोय ना?’ मी म्हटले, येतोय, पण सगळ्यातून एकच येतोय. त्यावर त्याने मोबाइलवर आलेला ओटीपी मागितला. तो भेटीच्या नोंदीसाठी असावा असे समजून मी दिला आणि तो जिना उतरण्याआधीच ‘आपली तक्रार समाधानकारकरीत्या निकाली काढली आहे’ असा संदेश मला आला. संगीतासाठी वापरले जाणारे नेहमीचे ब्लूटूथ दोनच वाहिन्या वाहून नेते. या संचातले एफएम आणि पेनड्राइव्हवरील गाणीही फार तर दोन वाहिन्यांचीच असतात. म्हणजे तपासणीसाठी जे साधन वापरले त्यातून सहा वाहिन्यांची परीक्षा होणे शक्यच नव्हते. नळाला पाणी येते का हे पाहायला आलेल्या माणसाने बादलीतले पाणी ओतून ‘येते’ म्हणावे, तसे हे झाले.

येथे तारखांचा एक मुद्दा आहे आणि तो मला योगायोग वाटत नाही. आपल्या धोरणानुसार माल मिळाल्यापासून ७ दिवसांत परत करता येतो, मात्र ‘तंत्रज्ञाच्या तपासणीनंतरच’. मला माल ८ तारखेला मिळाला आणि मी ९ तारखेला परतीची विनंती नोंदवली. तपासणीची वेळ आपण दिलीत १३ तारखेची, ती आपणच बदलून १६ केलीत, आणि १७ तारखेला कळवलेत की परतीची मुदत १५ तारखेला संपली असल्याने आता फक्त वॉरंटीतील दुरुस्ती होऊ शकेल. ग्राहकाने वेळेत केलेली विनंती कंपनीच्या विलंबामुळे बाद होत असेल, तर ही मुदत नेमकी कोणासाठी आहे?

२८ ऑक्टोबरच्या आपल्या उत्तरात म्हटले आहे की ‘संचात ५ सॅटेलाइट व १ सबवूफर असल्याने त्यास ५.१ म्हणतात आणि खोलीत सर्वत्र ध्वनी मिळतो’. ही व्याख्या मला मान्य नाही. ५.१ हा आकडा खोक्यांच्या मोजदादीचा नसून वाहिन्यांचा आहे: पाच स्वतंत्र वाहिन्या आणि केवळ खर्जाच्या आवाजासाठी एक मर्यादित वाहिनी, जिच्यासाठी ‘.१’ लिहिले जाते. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या बीएस ७७५ या शिफारशीत मधला स्पीकर समोर, डावा-उजवा ३० अंशांवर आणि मागचे दोन १०० ते १२० अंशांवर ठेवायला सांगितले आहे, ते प्रत्येकातून वेगळा आवाज येणार हे गृहीत धरूनच. आमच्या दहा बाय बाराच्या खोलीत मुलीने कोनमापक घेऊन, पलंग भिंतीपासून दीड फूट ओढून, त्याप्रमाणे मांडणी केली होती. सर्वत्र एकच ध्वनी मिळवायचा असता तर एवढा खटाटोप कशाला केला असता?

खोक्यावर ‘१०,००० वॉट पीएमपीओ’ (म्हणजे क्षणभराची कमाल ताकद) असेही छापले आहे. मागच्या पट्टीवर विजेचा वापर ६० वॉट दिला आहे. पीएमपीओ मोजण्याची कोणतीही सर्वमान्य पद्धत नाही आणि बाजारात हा आकडा कोणी गंभीरपणे घेत नाही, त्यामुळे त्याबद्दल मी भरपाई मागत नाही. पण २३० व्होल्टवर दहा हजार वॉट म्हणजे सुमारे ४३ अँपिअर होतात, आमच्या घरातील सर्वांत मोठे सॉकेट १६ अँपिअरचे आहे, आणि हा आकडा मंजूर करणाऱ्याने एकदा तरी असा भागाकार करून पाहावा. सबवूफरमधून सुरुवातीला घरघर येत होती, ती संगणक व संच एकाच बोर्डावर लावल्यावर थांबली. म्हणून तिचा या तक्रारीत समावेश नाही.

ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ च्या कलम २(४७) प्रमाणे वस्तू विशिष्ट दर्जाची किंवा प्रकारची असल्याचे खोटे भासवणे ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते, आणि वस्तूचे चुकीचे वर्णन करणारी जाहिरात कलम २(२८) नुसार दिशाभूल करणारी ठरते. ई-कॉमर्स नियम, २०२० नुसार तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण एका महिन्यात होणे बंधनकारक आहे. माझी पहिली तक्रार ९ ऑक्टोबरची असल्याने ती मुदतही उलटून गेली आहे.

सबब माझी मागणी अशी की रु. ६,४९९ ही पूर्ण रक्कम कोणतीही कपात न करता ज्या खात्यातून भरली त्याच खात्यात जमा करावी आणि संच आपल्या खर्चाने घेऊन जावा. बदली संच मला नको, कारण त्यालाही मागे दोनच खाचा असणार. आपल्याकडे तीन पिनांचे, म्हणजे सहा वाहिन्या खरोखर आत घेणारे दुसरे एखादे मॉडेल असेल, तर फरकाचे पाचशे रुपयांपर्यंत भरून ते घेण्याची माझी तयारी आहे, पण आधी त्याच्या मागच्या बाजूचे छायाचित्र पाठवावे. शिवाय संकेतस्थळावर या संचाच्या नावापाशीच ‘इनपुट : २ चॅनल’ असे ठळक लिहावे आणि माझ्या नावावर ‘समाधानकारकरीत्या निकाली’ असा जो शेरा आहे तो काढून टाकावा. हे पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत कार्यवाही न झाल्यास मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवेन आणि जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तेथे शुल्क नाही आणि राहत्या ठिकाणी तक्रार दाखल करता येते, याची मी माहिती घेतली आहे.

संच सर्व वायरी, रिमोट व पुस्तिकेसह मूळ खोक्यात भरून ठेवला आहे. इमारतीला लिफ्ट नाही, घर तिसऱ्या मजल्यावर आहे आणि सबवूफर बराच जड आहे, तेव्हा नेण्यासाठी शक्यतो दोन माणसे पाठवावीत आणि निघण्यापूर्वी फोन करावा. रविवार सोडून इतर दिवशी मी संध्याकाळी सातनंतर घरी असतो. या वेळी ओटीपी रक्कम खात्यात जमा झाल्यावरच देईन.

आपला ग्राहक,
(नाव, पत्ता व ऑर्डर क्रमांक आपल्या नोंदीत आहेत.)

सोबत : बिलाची प्रत, २ व ३ ऑक्टोबरचे ईमेल, संचाच्या मागील बाजूचे छायाचित्र, पुस्तिकेच्या सातव्या पानाची प्रत, चाचणीची चित्रफीत.