काकू, महालक्ष्म्यांचं ओझं तुम्ही उतरवलंत

ती. काकूंना शि. सा. न.

परभणीच्या घरातल्या २०२५च्या महालक्ष्म्या, म्हणजे भाद्रपदातल्या ज्येष्ठा गौरी, थाटात पार पडल्या आणि नंतर घरातली एकही बाई आडवी झाली नाही. याचं श्रेय तुमचं. घरात हे बोलून झालंय, पण तेवढ्याने माझं समाधान होत नाही. इतर घरांतल्या सासवा-सुनांनीही वाचावं, म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहिते आहे.

आपल्याकडचा पूजनाचा स्वयंपाक म्हणजे सोळा भाज्या, कोशिंबिरी, चटण्या, पुरणपोळ्या, कढी, आंबील, शिवाय फुलोरा. सगळं सोवळ्यात. नैवेद्य दाखवेपर्यंत दिवस कलतो आणि तोवर रांधणाऱ्यांच्या पोटात अन्नाचा कण नसतो. ज्येष्ठा नक्षत्र काही सुट्टी बघून येत नाही. यंदा पूजन १ सप्टेंबरला, सोमवारी आलं. रजा काढायची, पुण्याहून रात्रभर ट्रॅव्हल्समध्ये बसायचं आणि उतरल्या उतरल्या पदर खोचायचा. थोरल्या वहिनींना शुगर आहे, त्यांना ओट्यापाशी भोवळ आलेली आपण सगळ्यांनी पाहिली होती. पण बोलणार कोण? सुनेने ‘थोडं कमी करू या’ म्हटलं की तिला देवाधर्माची आच नाही, असं होतं. शिवाय देवीचं काम. काही उणं राहिलं आणि पुढे घरात काही झालं तर? ही धास्ती मनातून जात नाही.

तुम्ही श्रावणातच सगळ्यांना एकत्र फोनवर घेतलंत आणि म्हणालात, “माझ्या सासूबाईंच्या वेळी चुलीपाशी आठ बाया होत्या, भाज्या मळ्यातून यायच्या. फुलोऱ्यात चकल्या-अनारसे मी वाढवले, मला हौस होती म्हणून. ते देवीने मागितलं नव्हतं. वाढवलं मी, आता कमीही मीच करते.” दोष कुणाच्याही माथी न जाता गाठ सुटली. आमच्यापैकी कुणालाही हे जमलं नसतं, तो अधिकार तुमचाच होता.

मग सोळा भाज्या झाल्या, पण एकाच पातेल्यात. नैवेद्याचं पुरण घरी शिजलं आणि पंगतीच्या पोळ्या गल्लीतल्या मावशींकडून आल्या. मोठी भांडी पुरुषांनी घासली. साड्या नेसवायचं काम तुम्ही नातवांना दिलंत, आणि निऱ्या काय सुरेख बसल्या होत्या! पूजनाच्या दिवशी सकाळी आम्हा सगळ्यांच्या हातात दूध-केळं दिलंत, वहिनींना तर समोर बसवून खायला लावलंत. “उपाशी लेकीच्या हातचं कुठल्या आईला गोड लागेल?” हे तुमचं वाक्य मी माझ्या आईलाही सांगितलं.

पण जे राखायचं तिथे तुम्ही तसूभरही हलला नाहीत, याचंही मला तेवढंच मोल आहे. डेकोरेशनवाल्याकडून आयती आरास आणायचा विषय निघाला, तो तुम्ही तिथेच मिटवलात. आवाहनाला उंबऱ्यापासून कुंकवाची पावलं उमटली, ताटली-चमचा वाजला, “कशाच्या पावलांनी आली?” विचारताच पोरं “सोन्यामोत्यांच्या!” म्हणून ओरडली. सोळा गाठींचा दोराही घरीच हळदीत रंगला. सगळं सरसकट सोडून देणं किंवा जिवावर उठेपर्यंत सगळं करत राहणं, या दोन टोकांच्या मध्ये रस्ता आहे, हे मला तुमच्यामुळे दिसलं. एरवी कहाणी वाचली जाते तेव्हा मी पोळ्या लाटत असते. यंदा देवीसमोर बसून, हातात अक्षता धरून, ती पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकली.

आता एक मागणं. देवीचं अगदी हवंच असं काय आणि आपल्या हौसेचं काय, याची यादी तुमच्या हस्ताक्षरात एका वहीत लिहून ठेवा. उद्या नातसुना येतील, कुणी त्यांना ‘आमच्याकडे असं चालत नाही’ म्हणालं तर त्यांनी ती वही पुढे करावी. आंबिलीचं प्रमाणही त्यातच घाला, आणि कृपा करून ‘अंदाजाने’ असं लिहू नका.

तुमची,
पुण्याची सून