पट कधीतरी काळ्याच्या बाजूनेही छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीतले बुद्धिबळाचे कोडे मी कापून ठेवते आणि आमच्या वर्गात मुलांपुढे मांडते. शाळेतून निवृत्त झाल्यावर मी मिरजेत आठ ते तेरा वर्षांच्या मुलामुलींना संध्याकाळी बुद्धिबळ शिकवते. त्याआधी आयुष्यभर गणित शिकवले. परवा ती सगळी कात्रणे एकत्र पाहिली. जवळजवळ प्रत्येक कोड्याखाली एकच ओळ होती : ‘पांढऱ्याची खेळी, दोन चालींत मात.’ पटही प्रत्येक वेळी पांढऱ्याच्या बाजूनेच छापलेला. हे आपल्याच अंकात होते असे नाही. मुलांच्या हातातल्या बहुतेक पुस्तकांत आणि मोबाइलवर ती पाहतात त्या व्हिडिओंतही तेच असते. नवशिक्या मुलाला पट काळ्याच्या बाजूने दिसतो तो थेट स्पर्धेतच.

आणि स्पर्धेत काळी मोहरी टाळता येत नाहीत. स्विस लीगच्या, म्हणजे दर फेरीला जवळपास सारखे गुण असलेल्यांच्या जोड्या लावणाऱ्या स्पर्धेच्या, सात फेऱ्यांत ती तीन किंवा चार वेळा वाट्याला येतात. जोड्यांचा कागद भिंतीवर लागला की मुले आधी प्रतिस्पर्ध्याचे नाव बघत नाहीत, रंग बघतात. ‘काळे आले’ म्हणताना चेहरा पडतो. सोबत आलेले पालकही ‘असू दे, पुढच्या फेरीत पांढरे येतील’ अशी समजूत घालतात, म्हणजे डाव सुरू होण्याआधीच सोडून दिलेला असतो. याचे मला मनापासून वाईट वाटते, कारण ही भीती खेळातून आलेली नाही, शिकवण्यातल्या उणिवेतून आली आहे.

पहिल्या चालीचा फायदा पांढऱ्याला असतो, हे खरे. मोठ्या खेळाडूंच्या डावांचा हिशेब काढला तर पांढऱ्याच्या पदरात शंभरातले चोपन्न-पंचावन्न गुण पडतात. म्हणजे काळ्याला पंचेचाळीस उरतात. एवढ्या फरकाला घाबरून कोणी डाव सोडतो का? १२ डिसेंबर २०२४ रोजी सिंगापूरला गुकेशने डिंग लिरेनविरुद्धचा चौदावा डाव जिंकून जगज्जेतेपद मिळवले, तो काळ्या मोहऱ्यांनी. जुलै २०२५ मध्ये बातुमीला महिलांच्या विश्वचषकाच्या अंतिम फेरीत आपल्या नागपूरच्या दिव्या देशमुखने कोनेरू हम्पीला हरवले, तो निर्णायक जलद डावही काळ्या मोहऱ्यांनीच. दोन्ही बातम्या आपण पहिल्या पानावर दिल्या होत्या. मोहऱ्यांचा रंग मात्र बातमीत कुठेतरी खाली गेला होता. माझ्या मुलांना मी तोच आधी सांगितला.

आता मुद्द्याचे. काळ्याने खेळणाऱ्या नवशिक्याला काय शिकवावे? माझे उत्तर ठाम आहे : एकच बचाव द्यावा, आणि त्यातल्या प्रत्येक चालीचे कारण द्यावे. मी सी६ आणि डी५ ही जोडी शिकवते. (अक्षर म्हणजे पटाची उभी ओळ, आकडा म्हणजे आडवी; नुसते घर लिहिले की ती प्याद्याची चाल.) पांढऱ्याने ई४ केले तर सी६, मग डी४ला डी५. हा कॅरो-कान बचाव. होराशियो कॅरो आणि मार्कस कान या दोघांनी १८८६ मध्ये त्याचे विश्लेषण छापले, म्हणून त्यांची नावे. बोटविनिक, पेट्रोशियन, कार्पोव्ह अशा जगज्जेत्यांनी तो वापरला. पांढऱ्याने ई४ऐवजी डी४ने सुरुवात केली तर डी५, आणि सी४ला सी६. हा झाला स्लाव्ह बचाव. नावे दोन, पण प्याद्यांची मांडणी तीच. आठ-नऊ वर्षांच्या मुलाला एवढा आधार पुरतो.

कारणेही मुलांना पटतात. सुरुवातीला काळ्याचे सगळ्यात नाजूक घर एफ७. तिथल्या प्याद्याला राजाशिवाय कोणाचाच जोर नसतो. वजीर आणि सी४वरचा उंट मिळून चार चालींत मात करतात ती इथेच, आणि शाळांच्या स्पर्धेत पहिल्या फेरीला ती अजूनही दरवर्षी दिसते. डी५वर सी६चा जोर असलेले प्यादे उभे राहिले की त्या उंटाची वाटच बंद होते. दुसरे कारण आपल्या उंटाचे. फ्रेंच बचावात ई६ केले की सी८वरचा उंट आपल्याच प्याद्यामागे कोंडला जातो आणि नवशिक्याच्या हातून तो शेवटपर्यंत बाहेर पडत नाही. सी६मध्ये तो मोकळा राहतो. किंमतही मोजावी लागते, तीही मी सांगते : बी८च्या घोड्याचे नेहमीचे घर प्याद्याने अडवले जाते, आणि पुढे सी५ करायचे झाले की त्याच प्याद्याची दुसरी चाल खर्ची पडते. हे न सांगता ‘हा बचाव अभेद्य आहे’ म्हणणे ही मुलांची फसवणूक आहे.

नुसत्या पाठांतराने काय होते, त्याचे एक उदाहरण द्यायलाच हवे. कॅरो-कानमध्ये पांढऱ्याने तिसऱ्या चालीला घोडा सी३वर आणला, प्याद्यांची मारामारी झाली, आपला उंट एफ५वर आला, घोड्याने जी३वर येऊन त्याला हुसकावले आणि तो जी६वर गेला. आता पांढरा एच४ करतो. पुढच्या चालीला एच५ आले की उंट मेला. म्हणून आपण एच६ करून त्याला एच७चे घर मोकळे करतो. दुसऱ्या शाखेत पांढरा तिसऱ्या चालीला ई५ करून प्यादे पुढे रेटतो, आपला उंट एफ५वर येतो, आणि चौथ्या चालीला पुन्हा तेच एच४. इथे मात्र एच५ करावे. बेफिकीरपणे ई६ केले तर जी४ येते. उंटाची घरी परतायची वाट आपल्याच प्याद्याने बंद केलेली असते. तो ई४ला पळतो, एफ३ने जी६ला ढकलला जातो आणि एच५ने सापडतो.

एकच चाल आणि दोन उत्तरे. पाठ केलेला मुलगा इथे हमखास अडखळतो. ‘माझा उंट कुठे जाणार?’ एवढा प्रश्न स्वतःला विचारणारी मुलगी दोन्ही ठिकाणी बरोबर चाल शोधते. पहिल्या पटावर एच५ का करायचे नाही, तेही तिला दिसते : जी३वरचा घोडा त्या प्याद्यावर डोळा ठेवून बसलेला असतो. दुसऱ्या पटावर तो घोडा नसतो, आणि एच५मुळे जी४ला आळा बसतो. हे वर्गात पहिल्यांदा उलगडते तेव्हा मुले पटावर अक्षरशः ओणवी होतात. आयुष्यभर प्रमेये शिकवलेल्या बाईला याहून मोठे सुख नाही.

कॅरो-कानच्या पहिल्या, म्हणजे घोडा सी३च्या शाखेत सहा चालींची मातही आहे. आपला उंट बाहेर काढण्याआधी बी८चा घोडा डी७वर ठेवला, पांढऱ्याने वजीर ई२वर आणला, आणि आपण सवयीने दुसरा घोडा एफ६वर आणला की पांढऱ्याचा घोडा डी६वर येऊन मात देतो. ई७चे प्यादे त्याला मारू शकत नाही, कारण ते हलले की वजिराचा थेट राजाला शह. ही मात मी सगळ्यांना पहिल्याच आठवड्यात दाखवते, काळ्याच्या बाजूने बसवून. वजीर ई२सारख्या विचित्र घरात का आला, असे विचारायची सवय त्यातून लागते.

स्लाव्हमध्ये उलटी काळजी घ्यावी लागते. तिथे उंट घाईने एफ५वर नेला तर पांढरा डी५वर मारामारी करून वजीर बी३वर आणतो, आणि उंट निघून गेल्यामुळे उघड्या पडलेल्या बी७च्या प्याद्यावर हल्ला करतो. मांडणी तीच, तरी उंटाची वेळ वेगळी.

काही प्रशिक्षक मित्रांचे मत वेगळे आहे. मुलांनी ई४ला ई५च खेळावे, खुल्या डावांतून डावपेच शिकावेत, असे ते म्हणतात. त्यांचा मुद्दा मला मान्य आहे, आणि वर्गातल्या सरावात आम्ही ई५ खेळतोच. पण तालुक्याच्या स्पर्धेत समोरच्या मुलाने उंट सी४वर आणून घोडा जी५वर नेण्याचा हल्ला व्हिडिओवरून पाठ केलेला असतो. डी५ला त्याने प्यादे मारले की आपले मूल घोड्याने ते परत घेते, समोरचा घोडा एफ७वर बळी देतो, आणि आपला राजा पटाच्या मध्यभागी खेचला जातो. तिथे प्यादे लगेच परत न घेता सी६वरचा घोडा ए५वर न्यायचा असतो, हे आठ वर्षांच्या मुलाला आपसूक सुचणारे नाही. हरायला हरकत नाही. पण सलग तीन स्पर्धांत असेच हरलेले मूल खेळ सोडते, आणि अशी मुले मी पाहिली आहेत. सिसिलियन नायडॉर्फ या गुंतागुंतीच्या बचावाचे वीस-वीस चालींचे पाठांतर करून घेणाऱ्या महागड्या शिबिरांना तर माझा स्पष्ट विरोध आहे. सहाव्या चालीला समोरच्याने काही वेगळेच खेळले की मुलाच्या हातात काहीच उरत नाही.

घट्ट बचाव म्हणजे भित्रा खेळ, असे मानणाऱ्या पालकांना मी २००० साली लंडनला झालेली कास्पारोव्ह विरुद्ध क्रामनिक ही जगज्जेतेपदाची लढत सांगते. क्रामनिकने काळ्या मोहऱ्यांनी बर्लिन बचाव उभा केला. वजिरा-वजिरी झाली, किल्लेकोटाचा हक्क गेला, राजा मध्येच राहिला, तरी भिंत पडली नाही. कास्पारोव्हसारख्या आक्रमकाला संपूर्ण लढतीत एकही डाव जिंकता आला नाही आणि साडेआठ विरुद्ध साडेसहा गुणांनी जगज्जेतेपद क्रामनिककडे गेले. बर्लिन काही नवशिक्यांनी खेळायचा बचाव नव्हे, पण त्या डावांची गोष्ट त्यांना जरूर सांगावी.

आमचा जिल्हा बुद्धिबळ संघटक भाऊसाहेब पडसलगीकरांचा आणि सांगलीच्या नूतन बुद्धिबळ मंडळाचा. इथे पिढ्यान्‌पिढ्या स्पर्धा भरल्या, घरोघरी पट मांडले गेले. तेव्हा माझी मागणी फार मोठी नाही. महिन्यातल्या एका तरी रविवारी कोडे ‘काळ्याची खेळी’ असे द्यावे, आणि पट काळ्याची मोहरी खाली ठेवून छापावा. दर वेळी मातच हवी असेही नाही. ‘काळ्याने इथे कसे वाचावे?’ हेही कोडे होऊ शकते. वर दिलेले एच४चे दोन पट शेजारीशेजारी छापले तर सुरुवातीला तेवढेही पुरेल. जागा मिळाल्यास काळ्याने जिंकलेला किंवा बरोबरीत सोडवलेला एखादा छोटा डाव चालींच्या कारणांसह द्यावा. तो मराठीत, घोडा-उंट-हत्ती अशा आपल्या नावांनी लिहिलेला असावा, म्हणजे गावातल्या ज्या मुलाला प्रशिक्षक परवडत नाही, त्यालाही तो एकट्याने मांडून बघता येईल. मजकूर जुळवायला मदत हवी असल्यास मी आनंदाने करीन. आमच्या वर्गातली मुले प्रत्येक कोडे आधी सोडवून, तपासून देतील.

आपली नियमित वाचक,
एक निवृत्त गणित शिक्षिका, मिरज