भाड्याच्या जाहिराती आणि न दिसणारा खर्च

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

नागपुरातील बेसा, मनीषनगर, वर्धा मार्ग या भागांतील सदनिकांच्या जाहिरातींत ‘हमखास भाडे’ असे ठळकपणे छापलेले असते आणि निवृत्तीची पुंजी हाताशी असलेली माणसे महिन्याच्या भाड्याला बाराने गुणून इसार देऊन मोकळी होतात, याची मनापासून काळजी वाटते.

समजा, ४५ लाखांच्या सदनिकेला १५ हजार रुपये भाडे येते. वर्षाचे १ लाख ८० हजार, म्हणजे ४ टक्के झाले. आता यातून घर महिनाभर रिकामे राहिल्याचे १५ हजार, सोसायटीच्या देखभालीचे २४ हजार, मालमत्ता कराचे ९ हजार, दर दोन वर्षांनी भाडेकरू बदलतो असे धरून दलालीचे साडेसात हजार, आणि रंगरंगोटी व किरकोळ दुरुस्तीचे मिळून २० हजार वजा करा. मालक स्वतः न राहता घर भाड्याने देतो म्हणून सोसायटी बिनभोगवटा शुल्क आकारत असेल, तर शासनाच्या २००१ च्या आदेशानुसार ते सेवाशुल्काच्या १० टक्क्यांहून अधिक घेता येत नाही. देखभालीचे २४ हजार हेच सेवाशुल्क मानून येथे ते २,४०० रुपये धरू. हातात १ लाख २ हजार शंभर रुपये उरतात, म्हणजे जेमतेम सव्वादोन टक्के. कर्जाचा हप्ता यात धरलेला नाही. तो वेगळाच मांडायला हवा.

दुरुस्तीची रक्कम नागपुरात तरी सढळ हाताने धरावी. पारा ४५ अंशांपुढे जाणाऱ्या उन्हाळ्यात वरच्या मजल्याचा स्लॅब तापून गिलाव्याला भेगा पडतात आणि मृगाच्या पहिल्याच पावसात छताला ओल येते. खिडकीत बसवलेल्या कूलरचे पाणी चार महिने झिरपत राहिले की खालच्या भिंतीचा रंग पोपडे धरून सुटतो, आणि तो खर्च शेवटी घरमालकाकडेच येतो.

प्राप्तिकरात महापालिकेचा कर वजा जाता उरलेल्या भाड्यावर ३० टक्के सरसकट वजावट मिळते. अनेक जण तिलाच खर्चाचा अंदाज समजतात. प्रत्यक्ष खर्चाशी तिचा काहीही संबंध नाही. वरच्या उदाहरणात खर्च आणि घट मिळून भाड्याच्या ४३ टक्क्यांवर जातात.

इसार देण्यापूर्वी विक्रेत्याकडून सोसायटीची मागील तीन वर्षांची देयके आणि कराच्या पावत्या मागून घ्याव्यात. आपल्या वास्तुविषयक पुरवणीतही भाड्याच्या आकड्याशेजारी देखभाल शुल्क आणि मालमत्ता कर छापावा, ही आग्रहाची विनंती.

आपला,
एक वाचक, नागपूर