डिस्प्ले न दिसणाऱ्या हॅमकडून, काकांना

आदरणीय काका,

तुम्हाला फोनवर आभार मानलेले चालत नाहीत, विषय बदलता. म्हणून हे सगळ्यांसमोर लिहितेय.

हॅमचा, म्हणजे हौशी रेडिओचा, परवाना मिळाला, गच्चीवर डायपोल अँटेना चढला, रेडिओ सेटही आला. पण मला दिसत नाही, त्यामुळे फ्रिक्वेन्सी विचारायला दर वेळी घरातल्या कुणाला तरी हाक मारावी लागायची. रात्री ४० मीटर बँडवर, म्हणजे ७ मेगाहर्ट्झच्या आसपासच्या फ्रिक्वेन्सींवर, लांबची स्टेशनं यायची तेव्हा सगळे झोपलेले असत. परवानगी असलेल्या बँडच्या बाहेर ट्रान्समिट झालं तर, या धास्तीनं मी माइकला हात लावत नसे.

तुम्ही सांगलीहून सेट कॉम्प्युटरला जोडणारी सीरियल केबल घेऊन आलात. एखादं देखणं सॉफ्टवेअर टाकून दिलं असतंत तरी मी खूश झाले असते. पण त्यातल्या कित्येक चित्रांना स्क्रीन रीडर (पडद्यावरचं वाचून ऐकवणारा प्रोग्रॅम) नुसतं ‘बटण’ म्हणतो. तुम्ही साधं टर्मिनल, म्हणजे नुसत्या अक्षरांत आज्ञा टाइप करायची खिडकी, उघडलंत, सेटचा आणि कॉम्प्युटरचा बॉड रेट (माहिती पाठवण्याचा वेग) जुळवलात आणि मला टाइप करायला लावलंत: एफ, ए, अर्धविराम. माझ्या केनवूड सेटनं लगेच उत्तर धाडलं. एफए, पुढे अकरा अंक: ००००७०८५०००. सगळं हर्ट्झमध्ये, म्हणजे ७.०८५ मेगाहर्ट्झ. तेच अंक बदलून परत पाठवले की सेट तिथे जातो. आवाज पाठवण्याची पद्धतही अशीच बदलते: एमडी१ म्हणजे एलएसबी (खालचा साइडबँड), एमडी२ म्हणजे यूएसबी (वरचा साइडबँड). आज्ञा कळली नाही तर सेट प्रश्नचिन्ह पाठवतो, तेही ऐकू येतं!

आयकॉम या दुसऱ्या कंपनीच्या सेटची सीआय-व्ही भाषा हेक्साडेसिमल बाइट्सची, हातानं टाइप करण्याजोगी नाही. त्यासाठी तुम्ही हॅमलिब हे सॉफ्टवेअर दाखवलंत: कंपनी कुठलीही असो, त्यातल्या रिगसीटीएल या प्रोग्रॅममध्ये छोटा ‘एफ’ दाबला की फ्रिक्वेन्सी मिळते. जगभरच्या हॅम मंडळींनी ते फुकट लिहून ठेवलंय, त्यांचेही आभार.

ट्रान्समिट केलं की कॉम्प्युटरशी जोडणी तुटायची, तेव्हा सेटच्याच रेडिओ लहरी (आरएफ) केबलमध्ये शिरतायत हे तुम्ही फोनवरूनच ओळखलंत. केबलवर फेराइट (अशा लहरी अडवणारा चुंबकीय तुकडा) लावल्यापासून तो त्रास थांबला.

तुम्ही मला सोय करून दिली नाहीत, सेटला स्वतः विचारायला शिकवलंत. याचं मोल मी कसं सांगू, काका? आता मध्यरात्रीही मी निर्धास्त सीक्यू देते, म्हणजे ‘कुणी बोलणार का?’ अशी हाक देते.

अँटेना फिरवणारा रोटेटर घ्यायचा विचार आहे. हॅमलिबमध्ये त्याचीही सोय आहे. जोडायला जरूर या; आज्ञा मी टाइप करीन.

७३ (हॅम भाषेत ‘शुभेच्छा’),
तुमची कृतज्ञ विद्यार्थिनी