स्वालबार्ड सहलीसाठी चुकीचा व्हिसा काढल्याबद्दल तक्रार

दिनांक : ७ जुलै २०२५

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक तक्रार विभाग

विषय : व्हिसा अर्जातील चुकीमुळे ओस्लोहून पुढचा प्रवास न झाल्याबाबत

महोदय,

आपल्या कंपनीमार्फत मी व माझ्या पत्नीने जून महिन्यातील नॉर्वे आणि स्वालबार्डच्या सहलीसाठी ६,८५,००० रुपये भरले होते आणि त्यात व्हिसा सेवेचे शुल्कही धरलेले होते. ११ जून रोजी ओस्लोच्या गार्डरमोएन विमानतळावर स्वालबार्डमधील लाँगइयरब्येन या गावाच्या विमानाकडे जाताना पारपत्र तपासणीच्या खिडकीत आम्हाला थांबवण्यात आले. तेथील अधिकारी महिलेने माझ्या व्हिसावरील प्रवेशसंख्येच्या रकान्यातील ‘०१’ या आकड्यावर बोट ठेवले आणि शांतपणे सांगितले की, आम्हाला जाण्यास कोणी अडवत नाही, मात्र बाहेर पडल्याचा शिक्का एकदा बसला की या व्हिसावर ओस्लोला परतता येणार नाही. पत्नीच्या हातात त्या वेळी दोघांच्या लोकरी टोप्यांची पिशवी होती. तेथूनच आम्ही मागे फिरलो.

नकाशात स्वालबार्ड नॉर्वेचे असले, तरी ते शेंगेन क्षेत्राबाहेर, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटाबाहेर आहे. १९२० च्या ज्या पॅरिस करारान्वये या द्वीपसमूहाचे स्थान ठरले, त्यावर तेव्हाच्या भारताचीही सही आहे आणि खुद्द स्वालबार्डमध्ये जाण्यास आजही कोणाला व्हिसा लागत नाही. व्हिसा लागतो तो वाटेतल्या ओस्लोसाठी किंवा ट्रॉम्सोसाठी, कारण स्वालबार्डला जाणारी नियमित प्रवासी विमाने नॉर्वेच्या मुख्य भूमीवरूनच सुटतात. म्हणजे आम्ही फ्रँकफर्टला शेंगेनमध्ये शिरलो, ओस्लोला बाहेर पडणार होतो आणि चार दिवसांनी तेथेच पुन्हा शिरणार होतो. दोन प्रवेशांचा व्हिसा हवा, हे तुम्हीच आखलेल्या कार्यक्रमपत्रिकेवरून उघड होते. आपल्या माहितीपत्रकात ध्रुवीय अस्वलांपासून सावध राहण्याच्या सूचनांनी दीड पान व्यापले आहे, प्रवेशसंख्येबद्दल मात्र त्यात एक ओळही नाही.

माझ्या तक्रारीला आपण २० जून रोजी ईमेलने उत्तर दिले की, व्हिसा देणे अथवा नाकारणे हा वकिलातीचा अधिकार असल्याने कंपनी जबाबदार नाही. हे उत्तर मला मान्य नाही. वकिलातीने काहीही नाकारलेले नाही; जे मागितले तेच तिने दिले. अर्ज आपल्या कार्यालयात भरला गेला, अपेक्षित प्रवेशांच्या प्रश्नासमोर ‘एक’ या पर्यायावर खूण आपल्याच कर्मचाऱ्याने केली आणि आम्ही फक्त त्याने दाखवलेल्या जागी सह्या केल्या. सही करण्यापूर्वी अर्ज नीट वाचायला हवा होता, ही माझी चूक मी मान्य करतो. परंतु अर्ज नीट वाचून भरण्याचेच शुल्क आपण घेतले होते. आमच्याच गटातील ज्या दांपत्याने स्वतः व्हिसा काढला होता, ते त्याच खिडकीतून निर्वेध पुढे गेले.

गट परत येईपर्यंत चार रात्री आम्ही ओस्लोत स्वखर्चाने राहिलो. मध्यरात्रीचा सूर्य पाहण्याची पत्नीची अनेक वर्षांची इच्छा होती. त्या इच्छेची किंमत मी लावत नाही. स्वालबार्डचा मुक्काम, तेथील बोटफेरी आणि ओस्लो ते लाँगइयरब्येन जाण्यायेण्याची तिकिटे यांचे आपल्याच देयकातील २,९४,००० रुपये, ओस्लोतील राहण्या-जेवण्याचे ७१,५०० रुपये आणि व्हिसा सेवेचे शुल्क एवढी रक्कम मला परत मिळावी. पुढच्या सहलीत सवलत देण्याचा आपल्या प्रतिनिधीने फोनवर मांडलेला प्रस्ताव मी स्वीकारत नाही.

दोघांच्या व्हिसाच्या, अर्जांच्या व देयकांच्या प्रती सोबत जोडल्या आहेत. हे पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत रक्कम जमा न झाल्यास ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार पुणे जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार दाखल करीन, याची नोंद घ्यावी.

आपला,
(सही)
तक्रारदार ग्राहक, पुणे