घरच्या सिने-रिळांचे व्हिडिओ: लुकलुक फितीमुळे नसते

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कोल्हापुरात अनेक घरांच्या माळ्यावर लग्नामुंजींची, सहलींची 8 मिमी रिळे पडून असतात. प्रोजेक्टर चालू असेल, तर त्यांचे व्हिडिओ घरीच थोड्या खर्चात करता येतात. पण भिंतीवर चित्र पाडून मोबाइलने टिपले की ते लुकलुकते. मग फीतच खराब झाली असे समजून रीळ भंगारात जाते. हे थांबावे म्हणून हे पत्र.

लुकलुक प्रोजेक्टरच्या शटरमुळे, म्हणजे दिव्याचा झोत अडवत फिरणाऱ्या पात्यांमुळे होते. बहुतेक घरगुती प्रोजेक्टरच्या शटरला 3 पाती असतात, म्हणजे प्रत्येक फ्रेम (फितीवरचे एकेक चित्र) पडद्यावर 3 वेळा उजळते. सेकंदाला 18 फ्रेम धावल्या तर 54 झोत पडतात आणि 25 फ्रेम टिपणाऱ्या कॅमेऱ्याशी त्यांचा मेळ बसत नाही. वेग सुमारे 16.67 वर आणला की झोत नेमके 50 होतात. कॅमेरा 25 फ्रेमवर, कॅमेऱ्याचे शटर 1/50 सेकंदावर ठेवावे आणि प्रोजेक्टरचे वेगाचे बटण हळूहळू फिरवत कॅमेऱ्याच्या पडद्यावर लुकलुक मावळेपर्यंत जावे. 8 मिमी फितीचे दोन प्रकार असतात. त्यांपैकी नंतरची सुपर 8 साधारणपणे सेकंदाला 18 फ्रेमच्या वेगाने चित्रित झालेली असते, म्हणून संगणकावर व्हिडिओचा वेग 108 टक्के करावा. जुन्या रेग्युलर 8 चा वेग 16, तिला 96 टक्के.

भिंत नको. गुळगुळीत, चमक नसलेल्या पांढऱ्या कार्डावर 20-25 सेंटिमीटर रुंदीचे चित्र पाडावे, खोलीत पूर्ण अंधार करावा आणि कॅमेरा ट्रायपॉडवर प्रोजेक्टरच्या भिंगाला जितका खेटून ठेवता येईल तितका ठेवावा, नाहीतर चौकट तिरकी येते. फोकस, एक्स्पोजर आणि व्हाइट बॅलन्स हाताने ठरवून कुलूपबंद करावेत. ऑटोवर सोडले की प्रत्येक दृश्यागणिक उजेड वरखाली होतो.

फीत लावण्यापूर्वी ती हाताने उलगडून पाहावी. रेग्युलर 8 ची भोके मोठी आणि दोन फ्रेमच्या सीमेवर असतात, सुपर 8 ची लहान आणि फ्रेमच्या मध्यावर. चुकीच्या गेटमध्ये (भिंगामागची फीत सरकण्याची खाच) घातली तर भोके फाटतात. सुटलेले जोड फिल्मच्या स्प्लायसिंग टेपनेच जोडावेत. साध्या चिकटपट्टीचा डिंक पाझरून शेजारच्या वेढ्याला चिकटतो. पाणी अजिबात लावू नये. प्रोजेक्टरचा रबरी पट्टा जुना असेल तर आधी बदलावा, कारण फीत मध्येच थांबली तर दिव्याच्या उष्णतेने फ्रेम जळते.

व्हिनेगरसारखा आंबूस वास येणारे रीळ आधी घ्यावे आणि बाकीच्यांपासून वेगळे, हवा खेळेल असे ठेवावे. ॲसिटेट या प्लास्टिकची फीत कुजत असल्याची ही खूण आहे आणि आपल्याकडची पावसाळी दमट हवा ते काम वाढवते. त्यामुळे दिवाळीनंतरचे कोरडे महिने उत्तम. व्हिडिओ झाला तरी मूळ रीळ टाकू नये.

स्टुडिओंच्या या गावात एखाद्याकडे 35 मिमीचे तुकडेही निघतात. 1950 च्या आसपासपर्यंतचे असतील तर ते नायट्रेट या जुन्या ज्वालाग्राही प्लास्टिकचे असू शकतात आणि झटकन पेट घेतात. ते चालवून पाहू नयेत, पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाला विचारावे.

प्रोजेक्टर नसणाऱ्यांसाठी एकेक फ्रेम टिपणारी छोटी यंत्रे मिळतात. सेकंदाला दोनेक फ्रेम या गतीने 50 फुटी सुपर 8 रिळाच्या 3,600 फ्रेमना अर्धा तास लागतो. एका घरासाठी असे यंत्र महाग पडते. करवीर नगर वाचन मंदिरासारख्या संस्थेने एक घेऊन वाचकांना नाममात्र शुल्कात वापरू द्यावे, ही विनंती.

आपला,
एक वाचक, कोल्हापूर