गजकर्णावर स्टेरॉइडचे मलम नको

संपादक महोदय,

पावसाळ्यात गोव्यात कपडे धड सुकत नाहीत आणि जांघेतले गजकर्ण, म्हणजे बुरशीचा त्वचारोग, बळावते. मग फार्मसीतून क्लोबेटासोल हे स्टेरॉइड मिसळलेले मलम विनाचिठ्ठी आणले जाते. खाज थांबते, पण त्वचेची प्रतिकारशक्ती दबते. बुरशी पसरतच राहते. हे थांबायलाच हवे.

बुरशीच्या पेशीपटलात एर्गोस्टेरॉल हा मेदासारखा पदार्थ असतो, आपल्या पेशींत कोलेस्टेरॉल. टर्बिनाफीन हे बुरशीनाशक औषध एर्गोस्टेरॉल घडवणारे स्क्वालीन इपॉक्सिडेज हे विकर (एन्झाइम) रोखते. २०२० मध्ये नाव मिळालेल्या ट्रायकोफायटन इंडोटिनी या बुरशीत त्याच विकराचे जनुक अनेकदा बदललेले असते, म्हणून टर्बिनाफीनची गोळी बऱ्याचदा लागू पडत नाही. इट्राकोनॅझोल हे दुसरे बुरशीनाशक पुढच्या टप्प्यावरचे वेगळे विकर अडवते. कोणते औषध घ्यायचे ते डॉक्टरांनीच ठरवावे.

बुरशीनाशक मलम चट्ट्याच्या कडेबाहेर २ सेंटिमीटरपर्यंत लावावे, चट्टा गेल्यावरही २ आठवडे. घरातल्या सर्व बाधितांवर एकाच वेळी उपचार व्हावेत, टॉवेल वेगळे ठेवावेत.

— एक वाचक, फोंडा